अनुस्वार दिसतो का?

रत्नागिरीत जयस्तंभाच्या आसपास जिल्हाधिकारी कचेरी आणि न्यायालय, त्यामुळे टायपिंगची आणि अक्षरजुळणीची छोटी दुकानंही त्याच भागात. तिथल्याच एका दुकानात मी १९९९ पासून काम करते. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वारसाचे अर्ज, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असं सगळं. दिवसाचे आठ तास डोळ्यांसमोर देवनागरी अक्षर. २००१ साली एका खरेदीखताच्या मसुद्यात ‘हापूस आंब्याची कलमे’ असं हवं होतं, तिथे ‘आब्याची कलमे’ गेलं. पडद्यावर मी ते तीनदा वाचलं होतं. चौदा इंची काचेवर, त्या टायपाच्या आकारात, डोक्यावरचा ठिपका आहे की नाही ते कळतच नव्हतं. कागदावर आल्यावर वकिलांच्या कारकुनांनी त्यावर बोट ठेवलं. तेव्हापासून कुठलाही मॉनिटर समोर आला की मी आधी एकच बघते, अनुस्वार दिसतो का?

जुन्या, मागे पोट असलेल्या मॉनिटरकडून सपाट मॉनिटरकडे जाण्याचा बदल आपल्याकडे साधारण २००३ ते २०१२ या काळात झाला. आधी बँकांच्या काउंटरवर, मग मोठ्या कचेऱ्यांत, मग संगणक वर्गांत आणि सायबर कॅफेत, सर्वांत शेवटी आमच्यासारख्या दुकानांत आणि घरांत. आता त्याला पुरेशी वर्षं लोटली आहेत. काय मिळालं, काय गेलं आणि काय अजून निस्तरायचं राहिलं आहे, याचा हिशेब मांडता येईल.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. जुन्या मॉनिटरला आमच्याकडे ‘डबा’ म्हणत. मग २००० च्या सुमारास ‘फ्लॅट’ आला, पण तो आजचा फ्लॅट नव्हे. ती जुनीच पिक्चर ट्यूब होती. फक्त पुढची काच फुगीर नसून सपाट होती, मागचं पोट होतं तसंच. ‘फ्लॅट आहे’ असं ऐकून गिऱ्हाईक पैसे मोजायचं आणि घरी गेल्यावर टेबल भिंतीपासून तितकंच पुढे ओढायला लागायचं. खरा पातळ आला तो ‘एलसीडी’. २०१० च्या आगेमागे दुकानदार ‘एलईडी’ म्हणू लागले. तोही एलसीडीच, फक्त मागच्या बारीक ट्यूबलाइटच्या जागी एलईडी दिवे. हा फरक ठाऊक नसल्याने कित्येकांनी चांगला चालणारा एलसीडी काढून एलईडी घेतला आणि अक्षर तसंच दिसतं म्हणून हिरमुसले.

जुन्या ट्यूबचा मूळपुरुष जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन, साल १८९७. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नरसाळ्यात मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो. मानेवरची तांब्याची गुंडाळी त्याला डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवते आणि काचेच्या आतला लेप तो पडेल तिथे चमकतो. सेकंदाला साठ ते पंच्याऐंशी वेळा अख्खं चित्र पुन्हा पुन्हा रंगवलं जातं. यासाठी सतरा इंची मॉनिटरच्या आत पंचवीस हजार व्होल्टच्या घरातला दाब लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, कोकणातल्या पावसाशी त्याची गाठ पुढे पडणार आहे.

सपाट पडद्याची गोष्टही जुनीच. १८८८ मध्ये फ्रीडरिश रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरापासून काढलेल्या एका पदार्थात विचित्र वागणूक दिसली. तो वितळून आधी गढूळ होई आणि आणखी तापवल्यावर स्वच्छ. द्रवासारखं वाहणारं आणि स्फटिकासारखी शिस्त पाळणारं हे द्रव्य म्हणजे द्रव स्फटिक. विजेच्या इशाऱ्यावर त्याचे रेणू वळतात आणि मागचा उजेड पुढे सोडतात किंवा अडवतात. त्यापासून पडदा करायला पुढची ऐंशी वर्षं लागली. अमेरिकेत आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने १९६८ मध्ये असा पडदा जाहीरपणे दाखवला. पण यात आपल्या देशाचा वाटा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये तबकडीसारख्या रेणूंचे द्रव स्फटिक शोधले. स्वस्त एलसीडी बाजूने पाहिला की काळवंडतो, हा दोष कमी करण्यासाठी जपानच्या फुजी कंपनीने नव्वदीच्या दशकात जो पातळ पापुद्रा बाजारात आणला, तो याच जातीच्या रेणूंचा. रत्नागिरीच्या दुकानात मॉनिटरसमोर मी आणि शेजारी उभं राहिलेलं गिऱ्हाईक, दोघांना एकाच वेळी मजकूर वाचता आला, त्यात बेंगळुरूचं हे काम आहे.

किमतीचं थोडक्यात सांगते. २००४ च्या सुमारास पंधरा इंची एलसीडी सतरा इंची डब्याच्या अडीच-तीन पट पडायचा. भारताने १९९७ मध्ये जागतिक माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतला होता आणि त्याप्रमाणे संगणकाच्या सामानावरचं आयात शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणायचं होतं. ते आलं, तैवान-कोरिया-चीनमधले कारखाने वाढले, भाव कोसळले. पाच-सहा वर्षांत डबा मागायला कुणी उरलं नाही.

विजेचा हिशेब मात्र सावकाश मांडायला हवा, कारण आमच्याकडे या बदलाला खरा धक्का विजेनेच दिला. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती. आमच्याच जिल्ह्यात गुहागर तालुक्यात अंजनवेलला तो एवढा मोठा दाभोळचा वीज प्रकल्प. २००१ मध्ये तो बंद पडला, २००६ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने पुन्हा सुरू झाला. पण जिल्ह्याच्या बाजारपेठांत दुपारचे दिवे जायचे ते जायचेच. सतरा इंची डबा साधारण ७५ वॉट खायचा, तेवढाच एलसीडी ३० ते ३५ वॉट. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका मॉनिटरमागे वर्षाला शंभर युनिटच्या आसपास बचत. आठ संगणकांच्या वर्गाला आठशेवर. आजचा साडेअठरा इंची एलईडी तर वीस वॉटच्या आतच भागवतो.

बिलापेक्षाही मोठी गोष्ट यूपीएसची. डबा चालू करताना ‘धुम्म’ असा आवाज यायचा आणि चित्र थरथरायचं. काचेमागच्या जाळीतलं चुंबकत्व काढण्यासाठी त्या क्षणी एक झटका घेतला जाई. दिवे गेलेले असताना बॅटरीवर डबा चालू केला की त्या झटक्याने छोटा यूपीएस बसायचाच. लिहिलेलं सगळं जाई. सपाट मॉनिटर आल्यावर त्याच यूपीएसने दहा मिनिटांऐवजी पंधरा-सोळा मिनिटं साथ दिली. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण मुदतीच्या दिवशी अर्जाचं शेवटचं पान टाइप होत असताना ही पाच मिनिटं फार मोलाची असतात. शिवाय खोलीतली उष्णता. आठ डबे म्हणजे सहाशे वॉटची शेगडीच. एप्रिल-मेच्या घामट दिवसांत एमएस-सीआयटीच्या संगणक वर्गात बसलेल्यांनी ती अनुभवली आहे. बाहेर चपलांची रांग, आत पंख्याखाली गरम डब्यांची रांग.

आता हवा. रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा. अशा हवेत पंचवीस हजार व्होल्ट सांभाळणं सोपं नव्हतं. मृगाच्या पहिल्या सरी आल्या की पंधरा दिवसांत मॉनिटर दुरुस्तीला जायला सुरुवात. ट्यूबच्या पाठीवर रबराची टोपी असते, तिथे ओल आणि धूळ मिळून वाट तयार होई आणि आत ‘चर्र चर्र’ आवाज सुरू होई. अंधारात जाळीतून डोकावलं तर निळी ठिणगी दिसे. ‘ईएचटी गेला’, म्हणजे उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर गेला, हे वाक्य ज्याने जून-जुलैमध्ये ऐकलं नाही, असा डब्याचा मालक आमच्या गावात विरळा. त्यात पालीचा उपद्रव. पावसाच्या गारव्यात पालीला ऊब हवी असते आणि डब्याची पाठ सदैव उबदार. ती जाळीतून आत जाई आणि नको तिथे चिकटून बसे. आमच्या मेकॅनिकदादांनी एकदा मागचं झाकण उघडून मला दाखवलं होतं, बोर्डावर पालीचा वाळका सांगाडा आणि त्याच्याभोवती काळा झालेला वर्तुळाकार डाग.

पण हेही खरं की डबा आपला आपण वाळायचा. रोज दोन तास चालू ठेवला की आतली ओल उडून जाई. म्हणून ‘पावसात मॉनिटर बंद ठेवू नका’ हा सल्ला घरोघरी दिला जायचा. सपाट मॉनिटर थंड राहतो आणि तेच आमच्या हवेत त्याला बाधतं. पिनांवर हिरवी पुटं चढतात, बटणं आपोआप दाबली गेल्यासारखी वागतात, आणि बरीच वर्षं झालेल्या पॅनेलच्या कडेने ढगाळ डाग सरकू लागतात. किड्यांचंही तसंच. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी पंखांची वाळवी उजेडावर झेपावते. डब्याच्या काचेवर ती आपटून खाली पडे, फडक्याने पुसलं की झालं. सपाट पडद्यात अगदी बारीक किडा कडेच्या फटीतून शिरून उजेडाच्या थरापर्यंत पोचतो. मी ‘सातबारा’ या शब्दावरून एक ठिपका चालत जाताना पाहिला आहे. अशा वेळी बोटाने दाबायचं नाही. दाबला की तो तिथेच मरतो आणि कायमचा डाग होतो. मॉनिटर बंद करून खोलीत दुसरीकडे दिवा लावायचा, तो आपण बाहेर येतो. नाही आला तर सोडून द्यायचं, पण दाबायचं नाही.

आणि आता अक्षर, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

इंग्रजी अक्षराला उभी जागा कमी लागते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. त्याच उंचीच्या ओळीत हे सगळं बसवायचं तर प्रत्येक खुणेच्या वाट्याला एक-दोन ठिपके येतात. जुन्या चौदा-पंधरा इंची डब्यावर ८०० बाय ६०० ठिपके. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत मऊ, एका ठिपक्याची कड शेजारच्यात मिसळायची. याचे दोन परिणाम होत. ‘ळ’, ‘क्ष’, ‘ह’ अशी वळणदार अक्षरं गोल आणि डोळ्यांना सुखद दिसत, कारण पायऱ्या पुसल्या जात. पण अनुस्वार वेलांटीत बुडून जाई, आणि अर्धचंद्र की मात्रा याचा अंदाजच करावा लागे.

सपाट पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला आपली पक्की चौकट असते. त्यामुळे शिरोरेषा एकदम करकरीत, आखल्यासारखी. अनुस्वार वेगळा उठून दिसतो. पहिल्या दिवशी मला तो दिसला तेव्हा खरंच भरून आलं होतं. पण वळणं काटेरी झाली. पायऱ्या उघड्या पडल्या. विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये क्लिअरटाइप नावाची सोय आली होती, ती चालू केली की अक्षर गुळगुळीत होतं. ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा हे तीन उभे पट्टे वेगवेगळे वापरून ती काम करते. पण एक्सपीत ती मुळात बंद असे आणि शोधून चालू करावी लागे. व्हिस्टापासून ती आपोआप चालू राहू लागली. मधल्या पाच-सहा वर्षांत ज्यांनी ‘एलसीडीवर मराठी चांगलं दिसत नाही’ असं म्हणून नाक मुरडलं, त्यांतल्या बहुतेकांच्या यंत्रात ही एक खूण करायची राहिली होती. आणि ती केली तरी देवनागरीची अडचण पूर्ण सुटत नव्हती. पट्टे उभे असल्याने सूक्ष्मता वाढते ती आडव्या दिशेत. काना आणि उभे दांडे सुधारतात. आपली गर्दी तर वर-खाली असते, तिथे काहीच मिळत नाही. त्या गर्दीवर एकच उपाय, इंचामागे जास्त ठिपके. म्हणूनच आज हातातल्या फोनवर मराठी अक्षर छापल्यासारखं दिसतं आणि टेबलावरच्या मॉनिटरवर तेवढं दिसत नाही.

दुसरी चूक ठिपक्यांच्या जुळणीची. डब्याला कुठलंही मोजमाप चालायचं, कारण त्याला ठरावीक चौकटी नव्हत्या. सपाट पडद्याला त्याचं स्वतःचं एकच मोजमाप असतं. पंधरा इंचीला १०२४ बाय ७६८, सतरा इंचीला १२८० बाय १०२४, आजच्या चोवीस इंचीला बहुधा १९२० बाय १०८०. त्यापेक्षा वेगळं ठेवलं की अक्षर फुटतं. तरी कचेऱ्यांत आजही पाहते, अक्षर मोठं दिसावं म्हणून मोजमाप उतरवून ठेवलेलं असतं आणि बिचारे कर्मचारी धूसर अक्षराशी झगडत दिवस काढतात. मोजमाप मूळचंच ठेवावं आणि सेटिंगमध्ये जाऊन अक्षराचा आकार सव्वाशे टक्के करावा. दोन मिनिटांचं काम आहे, कृपा करून करून घ्या.

माझ्या पहिल्या एलसीडीची गोष्ट इथेच सांगायला हवी. २००६ मध्ये बाहेरगावच्या एका दुकानातून सतरा इंची मागवला. जोडला, पांढरं पान उघडलं, तर वरच्या डाव्या भागात एक काळा ठिपका. कधीच न पेटणारा. परत पाठवते म्हटलं तर दुकानदार म्हणाले, ‘ताई, दोन-तीन ठिपके चालतात, कंपनी बदलून देत नाही.’ तेव्हा राग आला. नंतर कळलं की २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात मॉनिटरच्या नेहमीच्या दर्जासाठी दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायमचे पेटलेले आणि दोन कायमचे विझलेले चालवून घेतलेले होते. चित्रपट पाहणाऱ्याला तो ठिपका कधीच दिसला नसता. पण माझ्या पानावर ओळ जशी वर सरके तसा तो एकेका अक्षराच्या डोक्यावर बसे आणि तिथे अनुस्वार उमटे. ‘बाग’चं ‘बांग’ होई. मी वर्षभर प्रत्येक संशयित अनुस्वार माऊसने ओळ हलवून तपासला. इंग्रजीत काम करणाऱ्याला जो दोष क्षुल्लक, तो मराठीत लिहिणाऱ्याला अर्थ बदलणारा ठरतो. मानकं ठरवणाऱ्यांच्या टेबलावर आपली लिपी नव्हती, एवढं त्यातून मला समजलं.

पडद्याच्या आकारातही आपण एक चांगली गोष्ट हातची घालवली. सुरुवातीचे सतरा इंची एलसीडी चौकोनी होते, पाचास चार. उंची साडेदहा इंचांवर, आणि १०२४ ओळी. मग रुंद पडद्यांची लाट आली, ती मुख्यतः सिनेमाच्या सोयीची. साडेअठरा इंची रुंद पडदा नावाला मोठा, पण त्याची उंची जेमतेम नऊ इंच आणि ओळी ७६८. म्हणजे ‘मोठा’ घेतला आणि पान आखूड दिसू लागलं. दस्ताचं एक पान संपूर्ण दिसायचं ते अर्धंच दिसू लागलं, आणि अर्धं पान सरकवताना नजर चुकते. कागदपत्रांचं काम करणाऱ्यांनी इंच मोजू नयेत, उंची आणि ओळी मोजाव्यात. आज चोवीस इंची घेतला तर उंची पावणेबारा इंच मिळते, ते ठीक. आणि उभा फिरवता येणारा स्टँड मिळाला तर नक्की घ्या. अख्खं पान डोळ्यांपुढे उभं राहतं.

डोळ्यांबद्दल समज-गैरसमज पुष्कळ होते. डब्यातून किरण बाहेर येतात म्हणून काचेवर काळी जाळी किंवा निळसर काच बसवायची पद्धत होती. तिचा उपयोग होई, पण खिडकीची चकाकी कमी करण्यापुरताच. क्षकिरण अडवायला ट्यूबच्या काचेतच शिसं घातलेलं असायचं. खरा त्रास लुकलुकण्याचा होता. सेकंदाला साठ वेळा रंगवलेलं चित्र कित्येकांना संध्याकाळी डोकेदुखी देई, ते पंच्याऐंशीवर नेलं की फरक पडे. सपाट पडद्याने हा त्रास जवळजवळ संपवला. यासाठी मी त्याला पहिला नमस्कार करते. उरला तो झगझगाटाचा. नवे मॉनिटर दुकानात उठून दिसावेत म्हणून उजेड पूर्ण ठेवून येतात. तो निम्म्यावर आणा.

रंगाचं आणि वेगाचं लवकर आटपते. फोटो स्टुडिओवाले डब्याला शेवटपर्यंत चिकटून राहिले, कारण स्वस्त एलसीडीवर नवरीच्या शालूचा रंग मान वर-खाली केली की बदलायचा. आयपीएस जातीचं पॅनेल स्वस्त झाल्यावर ती तक्रार मिटली. क्रिकेटच्या चेंडूमागे दिसणारी शेपटीही आता राहिलेली नाही.

दुरुस्तीचं मात्र दुःख आहे. डबा गावात दुरुस्त व्हायचा. ट्रान्झिस्टर, ईएचटी, कॅपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा आंबा घाट उतरून कोल्हापुरातून येत, एसटीच्या पार्सलने दुसऱ्या दिवशी हातात. ज्याला सोल्डरिंग येतं आणि विजेची भीती कळते, अशा माणसाचं घर त्यावर चाले. सुरुवातीच्या एलसीडीतही थोडं हाताला लागे. कॅपॅसिटर फुगायचे, ते बदलले की मॉनिटर पुन्हा दहा वर्षं चाले. पण पॅनेल गेलं की संपलं, पॅनेलची किंमत नव्या मॉनिटरच्या जवळपास. आमच्या मेकॅनिकदादांनी २०१३ मध्ये मॉनिटरचं काम सोडलं आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या घेतल्या. माझ्या मते या बदलाने आमच्या गावाचं जे सर्वांत मोठं नुकसान केलं ते हे. माहितगार हात रिकामे झाले.

पुराने हाच फरक आणखी ठळक केला. चिपळूण २६ जुलै २००५ ला बुडालं आणि २२ जुलै २०२१ ला त्याहून भयानक बुडालं. दोन पुरांच्या मधल्या सोळा वर्षांत पडदे बदलले होते. ट्यूब म्हणजे सीलबंद काच, तिच्या आत पाणी शिरत नाही. चिखल धुऊन, बोर्ड स्वच्छ करून, आठवडाभर वाळवला तर डबा पुन्हा उभा राहण्याची शक्यता असे. सपाट पॅनेलच्या थरांमध्ये एकदा गढूळ पाणी शिरलं की ते निघत नाही. वाशिष्ठीकाठच्या बाजारपेठेत २०२१ नंतर काढलेल्या ढिगाऱ्यांत सपाट मॉनिटर भंगार म्हणूनच गेले. पुराच्या पट्ट्यात दुकान असेल तर मॉनिटर भिंतीवर, छातीच्या वर बसवा. तो हलका आहे, याचा एवढा फायदा तरी घ्या.

शेवटचा मुद्दा जुन्या डब्यांचा, आणि त्याची वाट संभाजीनगरकडून जाते. पैठण तालुक्यातल्या चितेगावचा व्हिडिओकॉन समूह हा पिक्चर ट्यूबच्या धंद्यातला आपला मोठा खेळाडू होता. जग सपाट पडद्याकडे वळत असताना, २००५ मध्ये, या समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा व्यवसाय विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने त्यात होते. हिंमत मोठी होती, पण तंत्राचा अंदाज चुकला. पुढच्या काही वर्षांत ट्यूबची मागणीच संपली. २०१८ मध्ये समूह दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, त्यामागे इतरही कर्जं आणि धंदे होते. मला इथे सांगायचं आहे ते काचेबद्दल. ट्यूबची जुनी काच वितळवून नव्या ट्यूबची काच करता येत असे. शिसं काचेतच राहायचं. समूहाचा भरूचचा काचकारखाना जगात उशिरापर्यंत टिकलेल्या मोजक्यांपैकी होता. नव्या ट्यूब थांबल्या आणि या जुन्या काचेला गिऱ्हाईक उरलं नाही.

म्हणून आज आमच्या माळ्यांवर, शाळांच्या अडगळीत, ग्रामपंचायतींच्या जिन्याखाली ज्या ट्यूब पडून आहेत, त्यांना बाजारात किंमत आहे ती फक्त मानेवरच्या तांब्याची. भंगारवाला ट्यूबची मान फोडतो, गुंडाळी काढतो आणि काच कुठेतरी ओहोळाच्या काठी टाकतो. त्या नरसाळ्याच्या काचेत शेकडा वीसच्या वर शिशाचा ऑक्साइड असतो. एका मॉनिटरमध्ये किलो-दोन किलो शिसं. लाल मातीतून, पावसाच्या पाण्याबरोबर, विहिरीपर्यंतची वाट आपल्याकडे फार लांब नसते. कायदा आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम १ मे २०१२ पासून, सुधारित १ ऑक्टोबर २०१६ पासून, आणि सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. फोडण्या-वितळवण्याचं काम नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण कारखान्यानेच करायचं आहे. पण एका डब्यासाठी रत्नागिरीहून तिथवर कोण जाणार? बारा-चौदा किलोचं ओझं आहे ते.

रत्नागिरी नगरपरिषदेला, जिल्हा परिषदेला आणि शाळांच्या संस्थाचालकांना माझी विनंती आहे. आगोटीच्या आधी, एप्रिलच्या शेवटी, वर्षातून एक दिवस ठरवा. प्रभागाप्रभागातून ट्यूब गोळा करा, न फोडता, काच खाली करून टेम्पोत रचा आणि नोंदणी झालेल्या कारखान्याकडे एकत्र पाठवा. आणि ज्यांच्या माळ्यावर डबा आहे त्यांनी तोवर तो कोरड्या जागी असू द्यावा. तांब्याच्या शे-दीडशे रुपयांसाठी कुणालाही मान फोडू देऊ नका. नवा मॉनिटर घ्यायला दुकानात जाल तेव्हा पेनड्राइव्हमध्ये आपलं एक मराठी पान न्या. मंगल फाँट, आकार दहा, आणि त्यात हे शब्द ठेवा: आंबा आणि आबा, दर्या आणि दऱ्या. हातभर अंतरावरून चारही शब्द वेगळे वाचता आले, तरच पैसे द्या.